वीस शतांश

बोरा सुटला की त्रिएस्तेत
माणसं भिंती धरून चालतात.
मी शटर अर्धं ओढून घेते,
उरलेल्या अर्ध्यातून वाकून
एजिदिओ ब्रेसान आत येतात.
चाळीस वर्षं परक्या जहाजांना बंदरात आणलं त्यांनी,
स्वतःची गाडी मात्र
दोन पोरांकडून ढकलत आणलीय.

त्र्याऐंशीची आल्फा. लाल नाही, राखाडी.
दुसरा गिअर टाकताना
घशात काटा अडकल्यासारखी खरखर,
वळणावर मागून कण्हणं,
आणि क्लच सोडला की एक ठोका,
दार वाजवून पळालेल्या पोराचा.

इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे,
मध्ये लांब दांडा, तीन रबरी सांध्यांवर.
रबराला भेगा, टाचेला पडतात तशा.
"ठोक्याची सवय झाली होती," ते म्हणतात.

गिअरबॉक्स उतरवायला शेजारचा नेवियो आला.
झोपलेलं जड पोर उचलावं
तसा आम्ही तो बाकावर ठेवला.
तेल काढलं. गंधकाचा तोच उग्र वास
ज्याला आईनं कधी घरात घेतलं नाही;
बाबा अंगणातच हात धुवायचे,
जानेवारीतसुद्धा.

सिंक्रोची पितळी रिंग
नाण्यावरचा राजा पुसून जावा तशी गुळगुळीत.
बेअरिंगला खड्डे. दात्यांच्या कडा बोथट.
आणि बेअरिंगच्या मागे,
अंतर भरायला घालतात त्या पातळ चकत्या.
पहिली ठीक. दुसरी ठीक.
तिसरी फडक्यानं पुसली
तर तिच्यावर निळा मासा, अर्धा.

सार्डिनचा डबा.
कात्रीचं ते डावखुरं वळण
मी कुठेही ओळखलं असतं.

गाडीच्या कप्प्यात बिल अजून आहे:
मार्च एक्याण्णव, मूळ चकती, कंपनीची, नग एक.
खाली रक्कम. खाली बाबांची सही,
जिची शेपटी मी शाळेच्या प्रगतिपुस्तकावर
अनेकदा काढलेली.

मायक्रोमीटर लावला.
तीन जागी मोजली: वीस, वीस, एकोणीस.
तीस वर्षांहून जास्त, ह्या डोंगराळ रस्त्यांवर,
एक शतांश झिजली.
आधी लाज वाटली
आणि लाज पुरती संपायच्या आत
दुसरंच काहीतरी.

मी पैसे परत करायच्या तयारीत.
ब्रेसाननी मासा उजेडात धरला.
"सार्डिन मी आणले होते. पाव त्याचा.
रविवार, सगळं बंद, आणि मला
सोमवारी उजाडता उडिनेला पोचायचं होतं."
कशासाठी ते सांगितलं नाही.
"आणि बिल?"
"बिल माझ्या बायकोसाठी."

नवं बेअरिंग तव्यावर तापवलं,
हूं म्हणायच्या आत ते दांड्यावर बसलं.
दात्यांना निळी शाई फासून
कुठे टेकतात ते पाहिलं, पुन्हा उघडलं,
पुन्हा पाहिलं, पाच वेळा.
दाते एकमेकांत बसायला हवेत
पण थोडी मोकळीक लागते,
नाहीतर तापतात आणि तुटतात.
हे बाबांनी शिकवलं,
आणि मला एकोणीस वर्षं
ह्याच चार भिंतींत ठेवलं.

चकती नवी घातली. एकोणीस म्हणजे एकोणीस.
बिलावर लिहिली, पाकीट दाखवलं.
मासा ब्रेसाननी मागितला नाही,
मी दिला नाही.

ओपिचिनाचा चढ. वारा पडलेला.
दुसरा गिअर लोण्यात सुरी जावी तसा गेला.
क्लच सोडला.
काही नाही.
पुढच्या वळणावरही काही नाही.
ब्रेसान मान तिरकी करून
मागच्या सीटकडे कान लावून बसलेले.
"हं," म्हणाले,
आणि थंडीत काच खाली केली,
काहीतरी वाजत असावं म्हणून.