मोडीत

केर-मातालच्या वाळूत एकवीस वर्षं
नावांवर नावं घालतोय मी.
आईचं, पिराचं, पहिल्या लेकीचं.
एकाने तर भांडणाच्या भरात सासऱ्याचं घालून घेतलं
आणि त्या वर्षी जाळं फाटेस्तोवर मासा लागला,
मग कोण खोडतंय.
नाळेवर डोळे काढतो. उजवा निळा, डावा हिरवा,
कारण निळा डबा आधी संपतो.

मग आकडे आले.
डाकारहून जीपमध्ये पत्र्याचे साचे आले,
एकेक आकडा वीतभर,
पांढऱ्यावर काळा, दुसरा रंग चालणार नाही.
सांगत होता मांगोने, मासेखात्याचा,
म्हणजे आमच्याच बोरोम मच्छीवालीचा धाकटा,
ज्याला मी पोहायला शिकवलं
आणि जो अजूनही नीट पोहत नाही.

पुढच्या वर्षी वही भरली.
आता नवी नाव नाही, म्हणाला.
जुनी मोडा, मग नवी. एकाला एक.
कुणी शिव्या दिल्या, कुणी त्याच्या बापाला चहाला बोलावलं.
मी गप्प. कारण खोटं बोलत नव्हता तो.
याबोय मासा, जो पूर्वी आम्ही शेळ्यांच्या वाटेत सांडायचो,
तो आता बायका एकेक मोजून घेतात,
आणि मोजताना बोलत नाहीत.

गालाय समुद्रात नाही गेला.
अंथरुणात गेला, पायाच्या जखमेने.
त्याची नाव दोन वर्षं वाळूत, आत कोंबड्या.
धाकट्या बिरामने नवी बांधली,
मेव्हण्याच्या स्पेनच्या पैशातून,
बुडाला अख्खं एक खोड.
नवीला नंबर हवा, तर जुनी कापायची,
खात्यासमोर, तीन ठिकाणी, फोटोसकट.

बुधवारी करवत आली.
कुरा म्बेंग घरातून स्टूल घेऊन आली
आणि नावेला पाठ टेकून बसली.
त्या लाकडात तिची कानातली आहेत, सगळ्यांना माहीत.
त्या लाकडावर तिचं नाव आहे, ते मीच घातलेलं,
लाल, पिवळ्या काठाचं,
गालायने पैसे दिले तीन हप्त्यांत,
तिसरा अजून यायचाय.

मांगोनेने खडूने रेघ मारली.
रेघ बरोबर 'कु' आणि 'रा'च्या मधून.
बिरामने करवत टेकवली, मग उचलली.
कुणीच काही म्हणेना.
कुरा म्हणाली, काप ना, मला काय दुखणार आहे?
मांगोने कागद बघत राहिला,
पुढून, मागून, पुन्हा पुढून.
मग म्हणाला, कुठे कापायचं ते यात लिहिलेलंच नाही,
आणि चपलेने रेघ पुसून
हातभर अलीकडे दुसरी मारली.

एवढंच केलं त्याने. नाव मोडलीच.
नंबर मी खरवडला, तासभर लागला,
खाली माझाच जुना निळा निघाला.
कुराची फळी आता बकऱ्यांच्या दाराला आहे.

रात्री आम्ही तिसरा चहा घेत बसलो, तोही होता.
लांब पाण्यावर दिव्यांची एक ओळ,
मोठी जहाजं, ओढत, ओढत.
एकाएकी दोन दिवे विझले
आणि विझलेले दिवे किनाऱ्याकडे येऊ लागले.
विचारलं, त्यांचा साचा कुठल्या जीपमधून येतो रे?
तिथली वही दुसऱ्याकडे आहे, मांगोने म्हणाला.
त्याच्या पेल्यातला फेस तसाच राहिला.

सकाळी नव्या नावेवर गालायचा नंबर घातला.
आकडे मोठे, फळी आखूड.
शेवटी चार बोटं जागा उरली.
बिरामला विचारलं, नाव काय घालू?
त्याने आधी पाण्याकडे पाहिलं,
मग माझ्या डब्यांकडे.
राहू दे, म्हणाला. आधी मासा लागू दे.