चुरगळलेला कान

डॉक्टर इनास तुस्कानो, मृदाशास्त्र, मूळचे वसईचे.
बरक्याच्या शेती-केंद्रात ते पाणी तपासायचे,
मी पंप सांभाळायचो.
पहिल्या दिवशी मला दिसला फक्त त्यांचा डावा कान,
सुकेळीसारखा आक्रसलेला.
"स्क्रममध्ये गेला," म्हणाले,
जसं एखाद्यानं सांगावं, जमीन कुळकायद्यात गेली.

मी म्हसळ्याचा, मला कबड्डी कळायची.
त्यांनी ताटात खजुराच्या आठ बिया मांडल्या:
पुढे तीन, मग चार, मागे एकटी एक.
"मी इथं," पहिल्या ओळीतल्या बीवर बोट.
"चेंडू मात्र मागेच द्यायचा. पुढे टाकला की शिट्टी."
मी म्हटलं, हा कसला खेळ,
जायचं पुढं आणि द्यायचं मागं?
ते हसले. उत्तर दिलं नाही.

शुक्रवारी मस्कतला जायचे.
मैदान नुसतं वाळूचं,
धूळ बसावी म्हणून वर जळकं तेल शिंपडलेलं.
शनिवारी काळ्या गुडघ्यांनी कामावर यायचे
आणि त्याच गुडघ्यांवर बसून
मातीत गिरमिट फिरवायचे, मीटरभर, दोन मीटर,
प्रत्येक डबीवर बारीक अक्षरात तारीख.

आखाताच्या संघाकडून तीन सामने खेळले.
दोन हरले.
संघात इंग्रज, वेल्श, एक फिजीचा पोस्टमन,
आणि आमचे डॉक्टर, ज्यांना निवेदकानं
आडनावावरून थेट इटलीत जन्माला घातलं.
त्यांनी ते दुरुस्त केलं नाही.
म्हणाले, हरल्यावर इटलीच बरी.

सालिम बिन खल्फानच्या लिंबाच्या बागेत
विहिरीचा आकडा चढत होता: चार, सात, अकरा.
सालिमचा मीटरवर विश्वास नव्हता.
डॉक्टरांनी पेला भरला, आधी स्वतः प्यायले,
मग त्याच्यापुढे धरला.
म्हाताऱ्यानं चूळ भरून थुंकली
आणि बराच वेळ झाडांकडे बघत राहिला.
"समुद्र वरून येत नाही," डॉक्टर त्याला मोडक्या अरबीत सांगत होते,
"आपण उपसतो, तो खालून खांदा लावतो."

अहवालात लिहिलं: उपसा निम्म्यावर आणा.
म्हणजे माझे निम्मे पंप.
म्हणजे मी, निम्मा.
दोन आठवडे मी त्यांच्याशी बोललो नाही.
ते रोज माझ्या टेबलावर
आपल्या डब्यातलं अर्धं सांदण ठेवून जायचे.

मग एका रात्री सहा नंबरचा आवाज बदलला.
मला वाटलं बेअरिंग.
ते चप्पल घालून आले, वाकले,
आणि तो चुरगळलेला कान पाइपाला लावला.
"हवेतलं यानं कमी ऐकू येतं. लोखंडातलं येतं."
डोळे मिटलेले. अंगावर जुनी जर्सी, कॉलर उसवलेली.
"वाळू ओढतोय. थांबव."
मी थांबवला.
त्या शांततेत त्यांनीच सांगितलं,
घरून पत्र आलंय, बावखल बुजवलं,
वर चार मजले उभे राहिलेत.
पत्राची घडी करून मातीच्या रिकाम्या डबीत टाकली,
झाकण लावलं,
सवयीनं वर तारीख घातली.

अहवाल कपाटात राहिला.
लिंबं आधी शेंड्याकडून वाळली.
डॉक्टर परत गेले, आणि गेल्या मार्चात
वारले, असं सोहारच्या एकानं फोनवर सांगितलं,
दुसऱ्याच कामासाठी केलेल्या फोनवर.
ती डबी माझ्याकडे आहे.

सगळे झोपल्यावर मी कधी कधी
सहा नंबरच्या पाइपाला कान लावतो.
माझे दोन्ही कान धड आहेत.
मला काही ऐकू येत नाही.
तरी वीस मिनिटं पंप बंद ठेवतो
आणि वहीत चालू लिहितो.