भोक पाडण्याआधी

बोट अजून अंगणातच, दोन ओंडक्यांवर.
रात्रीचे दहा वाजून गेलेत, तरी पिएलिनेन तळ्यावर
पेन्सिलीची खूण दिसावी एवढा उजेड आहे.

टाउनोनं चार होल्डर आणलेत, काळे, प्लास्टिकचे,
एकेकाला चार स्क्रू.
चार चोक सोळा भोकं, मी म्हणते.
तो म्हणतो, मोजू नकोस.

माझा भाऊ एल्यास मागच्या फळीवर बसलाय,
झाडूचा दांडा गळाच्या काठीसारखा धरून
नसलेल्या माशाशी झुंजतोय.
"इथेच. हाताशी हवं."
"तुझ्या हाताशी," टाउनो म्हणतो.
त्याचा उजवा हात गेल्या हिवाळ्यापासून
खांद्याच्या वर जात नाही,
आणि मासा ओढायला लागला की काठी होल्डरमध्ये रुतते,
सरळ वर उपसावी लागते.
एल्यास डावखुरा. जेवताना दोघांची कोपरं
तीस वर्षं एकमेकांवर आपटतायत,
पण टेबलाला कुणी भोकं पाडत नाही.

मग टोकांचा वाद.
टोकं लांब हवीत, नाहीतर बोट वळली
की दोऱ्या एकमेकींच्या गळ्यात.
फार मागे लावलं तर हातजाळी कुठून घालणार?
फार पुढे, तर मासा लागलेला कळणार कुणाला?
टाउनो खूण करतो, एल्यास थुंकी लावून पुसतो.
काठाचं लाकूड तेवढ्याच जागी उजळ होत जातं.

वल्ही कोण मारतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

सव्वीस उन्हाळे मी मारतेय.
चमचा पाण्यात जिवंत वाटेल इतकं हळू,
तळाच्या दगडांना लागणार नाही इतकं भरभर.
पाठ पुढच्या वाटेकडे, तोंड या दोघांकडे.

मी आत चढते. मधल्या फळीवर बसते,
वल्ही घेते आणि गवतावर, हवेत, एक ओढ ओढते.
खट्. उजवी मूठ टाउनोच्या खुणेवर.
खट्. डावी एल्यासच्या.
दोघंही तळ्याकडे बघायला लागतात,
जणू तिथून कुणी हाक मारली.

हात काठावरून फिरवताना
बोटांना रंगाखाली काहीतरी लागतं, खरखरीत, गोल,
दंडावर लस टोचल्याचा वण असतो तसं.
राळेनं बुजवलेली भोकं.
दोन माझ्या गुडघ्यांच्या जरा पुढे,
मुठींना बरोबर चुकवून, बाहेर कललेली.
म्हणजे तो एकटाच जायचा,
लिएक्साचा तो टेलिफोनच्या तारा ओढणारा काल्लेर्वो.
वल्ही सोडायचा, काठी उचलायचा, पुन्हा वल्ही.

तिसरं भोक नाळेजवळ, काठाच्याही खाली,
आतल्या फळीत.
मोठ्या माणसाचा हात तिथे दुमडावा लागतो.
मी दुमडून पाहिला.

बोट विकताना त्याच्या बायकोनं
लहान मुलाचा काही उल्लेख केला नव्हता.
आम्हीही विचारलं नव्हतं.
आम्ही फक्त पन्नास युरो कमी करून घेतले,
रंग उडालाय म्हणून.

"जुनीच उकरू," एल्यास म्हणतो. "तिन्ही."
ही दोन, मी म्हणते. ते राहू दे.
का, ते तो विचारत नाही. टाउनो ड्रिलचं पातं बदलतो.
मी खाली बशी धरते; राळेचा पिवळा भुगा,
मग लाकडाचा, ओलसर,
अजून डांबराचा वास असलेला.

तिसरा होल्डर एल्याससाठी, डाव्या अंगाला,
झाडूच्या दांड्यानं ठरवलं होतं तिथून
एक वीत मागे.
तो कुरकुरतो, पण बसून बघतो, आणि मग गप्प होतो.

चौथा पिशवीतच.
"याचं काय?"
राहू दे, मी म्हणते.
एखाद्या दिवशी वल्ही तुमच्या हातात देऊन
मी कुठे बसणार,
ते माझं अजून ठरायचंय.