तीस सेंटीमीटरवर

आधी भाकर अडली.
बापानं दोष ज्वारीला दिला,
औंदाची ज्वारी चरबट हाय म्हणाला,
आईनं गिरणी बदलली.
पोळ्याला पुरणपोळी दुधात बुडवून खाल्ली,
दसऱ्याला भात गिरगोट झाला,
दिवाळीला चिवड्याची वाटी
नुसती हातात धरून बसला.
आम्ही प्रत्येक वेळी ताटाशी भांडलो.
गळ्याला कुणी विचारलं नाही.

उकंडराव चिंचोलकर, हातपंप मेकॅनिक,
पंचायत समिती, समुद्रपूर.
दांडा दोनदा मारला की सांगायचा,
रॉड तुटला, सिलिंडर गेलं,
की नुसतं वायसर.
स्वतःच्या छातीतली अडखळ मात्र
"ग्यास हाय" म्हणत
घोटाघोटानं खाली ढकलत राहिला.
कंबरपट्टा दोन भोकं आत गेला,
तिसरं त्यानं खिळ्यानं पाडलं.

सेवाग्रामला दुर्बीण घातली.
कागदावर आलं:
वरच्या दातांपासून तीस सेंटीमीटरवर गाठ.
डॉक्टरीण माझ्याहून लहान.
तिनं कागदाच्या पाठीवर नळी काढली,
म्हणाली, घास आपोआप खाली पडत नाही, काका,
ही नळी त्याला दाबत दाबत पोचवते.
आणि ही सोशिक असते.
आतून वाट बुजत जाते तशी ताणत राहते,
अर्ध्याहून जास्त बुजेपर्यंत बोलत नाही.
म्हणून उशिरा कळतं.

बाप ऐकत होता
बोअरच्या खोलीचा हिशोब ऐकावा तसा.
"तीसच सेंटीमीटर?
म्याडम, मी साठ मीटरवरून
पडलेला पाइप काढला हाय."
ती हसली नाही.
तिनं पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

खर्रा कधीपासून?
"सायकलवर फिरत होतो तवापासून."
थुंकता, की गिळता?

बाप माझ्याकडे पाहू लागला,
जणू उत्तर मी द्यायचं होतं.
मग म्हणाला,
"पंप कोनाच्या तरी दारात राह्यते.
बाया गुंड घेऊन उभ्या राह्यतात.
लोकाईच्या पान्यापाशी
कसा थुंकन, बाई?
गिळत होतो."

तेहतीस वर्षं.
एवढा वेळ ती लिहीत होती.
हे तिनं लिहिलं नाही.

शेक झाले पंचवीस.
पोटाला आता रबरी नळी आहे,
आई पिचकारीनं डाळीचं पाणी सोडते,
अंडं घुसळलेलं दूध सोडते.
पहिल्या दिवशी पिचकारीचं वायसर त्यानंच तपासलं.
"घट्ट हाय," म्हणाला.
"आन् मागून साधं पानी सोडत जा,
नाही तं लाइन जाम होते."
आई हो म्हणाली आणि चुलीकडे गेली,
चुलीवर काहीच नव्हतं.

बरे होतील का, मी विचारलं होतं.
डॉक्टरीण म्हणाली, वाट मोकळी ठेवू.
हे उत्तर मी घरी आणलं,
कुणाला दिलं नाही.

काल गिरडकडून फोन आला.
पंप पाणी उचलत नाही, उकंडभाऊ.
तो म्हणाला, फोन दांड्यापाशी धर, मार.
डोळे मिटून ऐकलं त्यानं
कोरडं खाली जाणं, कोरडं वर येणं.
"चौथ्या पाइपाचं कपलिंग ढिलं झालं," म्हणाला,
आवाज आता शिट्टीसारखा येतो, बारीक.

संध्याकाळी आईनं
वांग्याची भाजी केली, आमच्यापुरती.
तो ताटाजवळ येऊन बसला,
भाकरीचा कोर मोडला, रश्श्यात बुडवला,
तोंडात घातला.
आम्ही कुणी खात नव्हतो.
तो चावत होता, सावकाश, दोन्ही बाजूंनी,
कानशिलं हलत होती,
तिखटानं डोळ्यांत पाणी आलेलं.
मग उठला, अंगण ओलांडलं,
आमच्या हातपंपापासून लांब,
पार कुंपणाच्या कोपऱ्यापर्यंत गेला,
आणि पाठमोरा होऊन
थुंकला.

परत आला.
"मीठ कमी हाय," म्हणाला.