खोली

पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाला,
फ्रेममध्ये पाच कयाक हव्यात आणि वैनगंगा.
आपला डोंगा नको. सावलीसुद्धा नको.
केवळराम वलथरेंनी सूर्याकडे पाहिलं,
मग माझ्या भिंगाकडे,
आणि सात दिवस आम्हाला असं नेलं
की एकाही शॉटमध्ये आम्ही नाही.

आवाजाला मात्र सावलीसारखं वळवता येत नाही.
पाण्यात बांबू घालून ते खोली सांगत जायचे
स्वतःलाच, विझल्या बिडीच्या ओठांतून :
मांडी. कंबर. कंबर. छाती.
पुरुसभर.
नाई लागत.

आता धंतोलीतल्या खोलीत, रात्री दोनला,
हेडफोन लावून मी त्यांना पुसतो आहे.
निवेदिका म्हणते, इतिहासात पहिल्यांदाच,
आणि तिच्या वाक्याखालून :
गुडघा. रेती हाय, डावीकून घ्या.

पहिल्यांदाच, हे मीही सांगितलं होतं त्यांना.
"असन," म्हणाले.
"माहा आजा बांबूचे तराफे नेये खाली,
पार चपराळ्यापावतर.
मंग पायी वापस. वीस-बावीस दिवस.
थे काई मोजत नाई कोनी."

तिसऱ्या दिवसाची क्लिप. धरणाचा फुगवटा.
इकॉर्निया फाडत कयाक पुढे गेलेल्या,
दूर कुठे मृणाल हसते आहे.
नाई लागत. नाई लागत. नाई लागत.
मग टक्.
सिमेंटवर बांबू.
त्यानंतर चार मिनिटं अकरा सेकंद
एकही माप नाही.
मला वाटलं होतं माईक गेला,
त्यांच्याकडे पाठ करून मी बॅटरी बदलत बसलो.

रात्री विचारलं, तर चुलीत काटकी सारत
"टाकी होती जी," म्हणाले,
"आमच्या गावच्या पान्याची."
आणि भात वाढला.

त्या चार मिनिटांत पुसण्यासारखं काही नाही.
तरी मी तिथेच अडकलो आहे,
मागे नेतो, पुन्हा टक्.

वडशाच्या घाटावर हार, पेढे, तहसीलदार.
काठाला लागण्याचा शॉट तीनदा घेतला,
पहिल्या खेपेला मृणाल चिखलात खरंच पडली होती.
पैसे दिले सात दिवसांचे.
केवळरामांनी बोटाला थुंकी लावून नोटा मोजल्या,
खिशात घातल्या,
डोंग्याचं तोंड वरच्या अंगाला फिरवलं.
"आन वापस जायाचे दिवस?"

दिग्दर्शक कुणाशी तरी फोनवर होता.
मी कॅमेरा पिशवीत घालून चेन ओढली होती.