आतलं पाणी

तो आला तोच तक्रार घेऊन.
जॅकेट काउंटरवर टाकलं, म्हणाला, गळतंय.
एवढे क्रोनर मोजले, आणि गळतंय.

बर्गनमध्ये हे वाक्य मला नवं नाही.
मी जॅकेट उलटं केलं, शिवणींवरून बोट फिरवलं.
काखेपाशी ओल. पाठीच्या मधोमध ओल.
खांदे मात्र कोरडे ठणठणीत.

पाऊस काय काखेतून पडतो? मी विचारलं.
तो गप्प.
हे पाणी आभाळाचं नाही, म्हटलं.
तुमचं आहे.

श्यूर आउरडाल. पियानो सुरात लावतो.
कॅरियरला हत्यारांची पिशवी बांधून
चढामागून चढ, डोंगराला चिकटलेली घरं,
आणि प्रत्येक घरात एक रुसलेला पियानो.
पोचतो तेव्हा हा निथळत असतो.
लोक दारातच टॉवेल देतात.
पियानोला, तो म्हणतो,
ओला माणूस शेजारी बसलेला सोसत नाही.
मी हसले नाही. माझ्या धंद्यात
याहून विचित्र कारणं ऐकली आहेत.

मागच्या खोलीत एक सायकल आहे, स्टँडवर, कुठेही न जाणारी.
मी सगळ्यांना तीवर बसवते.
आरशासमोर उभं राहून जॅकेट घेऊ नये,
आरशात प्रत्येकजण ताठ असतो.
बसा. हात हँडलवर. आता वाका,
समोरून वारा आहे असं समजा.

वाकला, आणि बाह्या मनगटं सोडून पळाल्या,
कमरेवर चार बोटं पाठ उघडी पडली,
गोरी, ओशाळलेली.
मोठं द्या, म्हणाला. सगळे हेच म्हणतात.
मोठं दिलं. पोटाशी त्याचं शीड झालं;
पुलावर वारा भरला असता
तर हा गृहस्थ थेट फ्योर्डमध्ये.

तिसरं मागे लांब, पुढे आखूड,
कापलेलंच वाकलेल्या माणसासाठी.
खाली उतरून त्याने स्वतःकडे पाहिलं.
गबाळं दिसतं.
उभं राहिल्यावर दिसतं, मी म्हटलं. तुम्ही उभे कधी असता?

आणि श्वासाचं काय?

माझी कॉफी वाफाळत होती.
कपावर कापडाचा तुकडा ताणून बसवला,
तुकड्यावर पाण्याचे चार थेंब,
आणि वर, अधांतरी, एक थंड चमचा.
थेंब मण्यांसारखे बसून राहिले, हलेनात.
चमचा हळूहळू धुरकटला.

तो बराच वेळ त्या चमच्याकडे बघत होता.
म्हणजे येऊ द्यायचं नाही, पण जाऊ द्यायचं.
जमेल तितकं, मी म्हटलं. खोटं कशाला सांगू,
फार जोर लावलात तर कुठलंच कापड पुरत नाही.
मग काखेतली झिप उघडा. नाहीतर सावकाश चढा.

त्याने झिप उघडली, मिटली, पुन्हा उघडली,
कान जवळ नेऊन.
बेसूर आहे, म्हणाला.
आणि पैसे काढले.

सहाला दुकान बंद केलं.
खिळ्यावर माझा कोट: पिवळा, रबरी,
बाबांचा, बोटीवरचा,
बाहीला अजून डिझेलचा वास.
बाहेरचा एक थेंब आत येत नाही.
आतला एक बाहेर जात नाही.
दिवसभर शहाणपण विकते मी; दिव्याखाली अंधार.
तिसऱ्या वळणावर, लाल दाराच्या घरापाशी,
रोज तिथेच माझी पाठ भिजते.

बाबा घरी येऊन हा काढायचे
तेव्हा खालचा सदरा चिंब असायचा.
कोरड्या दिवशीसुद्धा. समुद्र शांत असतानासुद्धा.
लाट आली होती वाटतं अंगावर, आई म्हणायची.
हो, म्हणायचे.