आठ मिनिटं

चारू पडली. बाराशे मतांनी.
अकरा वर्षं तिकडच्या पार्लमेंटात,
आणि आता दांडिया बाजारात आमच्या गॅलरीत
घाम पुसत शेव-उसळ खातेय.

मी विचारलं, काय करायचीस गं तिथे?
म्हणाली, भाषणं थोडीच.
शनिवारी लायब्ररीत टेबल टाकून बसायचे.
कुणाच्या भिंतीला ओल,
कुणाच्या नवऱ्याचा व्हिसा अडलेला.
एक म्हातारा नुसताच यायचा,
हीटरपाशी बसून जायचा.
त्याचंही नाव लिहायचे.

पलीकडे देवळात घंटा झाली.
ती अर्धी उठली, हातात बशी तशीच.
मग हसली.
घंटेपासून आठ मिनिटं मिळतात मताला,
मग दारं लावून घेतात.

तेवढ्यात खालून ज्योत्स्नाबेन:
नळाला पुन्हा पिवळं पाणी,
वॉर्ड ऑफिसात कुणी दाद देत नाही!
चारूने पर्समधून वही काढली, कठड्यावरून वाकली.
नाव? घर नंबर? कधीपासून?

अगं, तू इथली कोण?
"तिथली तरी आता कोण," म्हणाली
आणि 'पिवळं'खाली
दोनदा रेघ मारली.